गावाला आरओ प्लांट द्यावा का? सल्ला हवा आहे

ढगाळ
नमस्कार मंडळी. आमचं गाव खटाव तालुक्यात, कायमचं टँकरवालं. निम्मं गाव मुंबईत, माथाडीत नाहीतर वाशीच्या मार्केटात. मुंबईकर मंडळाची यात्रेआधी बैठक होते, वर्गणी जमते आणि देवळाला काहीतरी होतं: कधी कमान, कधी फरशी, कधी नुसताच रंग. यंदा पहिल्यांदा "पाण्याला द्या" असा सूर निघाला. साडेचार लाखांच्या आसपास जमलेत.

परिस्थिती अशी. जलजीवन मिशनमधून घरोघर नळ आले, लाख लिटरची टाकी उभी राहिली. पाणी दिवसाआड, तासभर. मागच्या पावसाळ्यात जुलाब-उलट्यांची साथ आली, आरोग्य केंद्रानं नमुने घेतले आणि पाणी पिण्यास अयोग्य ठरलं. तेव्हापासून ज्याला परवडतं तो शेजारच्या गावातून जार आणतो. आता एका विक्रेत्यानं एटीएमवाला आरओ प्लांट सुचवलाय, पाच रुपयांत वीस लिटर. सरपंच खूश, पोरं खूश. मला मात्र पटत नाहीये आणि का पटत नाही ते बैठकीत सांगताही येत नाहीये. ज्यांच्या गावात असं काही झालंय त्यांनी अनुभव लिहा. राजकारण नको.

चकली_भाजणी
पाण्यात नेमकं काय सापडलं? रिपोर्ट असेल तर आकडे टाका. रोग माहीत नसताना औषध कसं सांगणार?

खवचट_बाप्या
आरओ प्लांटला दर्शनी पाटी लावता येते. "कै. अमुकतमुक यांच्या स्मरणार्थ". बाकी कुठल्या यंत्राला एवढी मोठी पाटी बसत नाही. प्रश्न सुटला.

जुना_ओव्हरसिअर
पाणीपुरवठ्यातच नोकरी करून निवृत्त झालो, त्यामुळे लांबण लागेल, सांभाळून घ्या.

पाण्यातली घाण दोन जातींची. एक जिवंत: जुलाब, कावीळ, विषमज्वर देणारे जिवाणू-विषाणू. दुसरी विरघळलेली: क्षार, फ्लोराइड, नायट्रेट, आर्सेनिक. पहिलीला क्लोरीन पुरतो आणि तो मातीमोल स्वस्त आहे. दुसरीपुढे क्लोरीनचं काही चालत नाही, तिथे आरओ लावा नाहीतर विहीर बदला. तुमच्याकडे साथ आली म्हणजे बहुधा पहिलीच जात.

आरओ जिवाणूही अडवतो, नाही असं नाही. पण प्लांटच्या तोटीपर्यंतच. तिथून पुढे न धुतलेला जार, जारात बुडणारा तांब्या आणि तांब्याबरोबर बोटं. आरओच्या पाण्यात शिल्लक क्लोरीन नसतो, त्यामुळे वाटेत काही पडलं तर ते तिथे सुखानं वाढतं. शिवाय आत घेतलेल्या पाण्यातलं निम्मं किंवा त्याहून जास्त खारट होऊन गटारात जातं. खटाव तालुक्यात, एप्रिल-मे महिन्यात. विचार करा.

रिपोर्टमध्ये हे बघा: टीडीएस (विरघळलेले एकूण क्षार) ५०० पर्यंत उत्तम (दुसरी सोयच नसेल तर २००० पर्यंत चालवून घेतात), फ्लोराइड १ पर्यंत, फार तर १.५. नायट्रेट ४५, त्यात सूट नाही. हे सगळे मिलिग्रॅम प्रति लिटर. ई-कोलाय शंभर मिलिलिटरमध्ये एकही नको.

ढगाळ
ग्रामसेवकांकडून मागवला. टीडीएस ४१०. फ्लोराइड ०.६. नायट्रेट ३८. कोलिफॉर्म जिवाणू आढळले. शिल्लक क्लोरीन निरंक.

जुना_ओव्हरसिअर
मग आरओ नको. शेवटच्या दोन ओळी बघा: घाण आहे आणि तिला मारणारं काही नाही. नायट्रेट ३८ म्हणजे अजून हद्दीत आहे, पण मला ते आवडलेलं नाही. त्यावर नंतर बोलू.

कापूसकोंड्या_अकोला
काका, तुमचं बरोबर हाय, पण इथं वाचणाऱ्याला वाटंन की आरओ म्हणजे नुसती लुबाडणूक. तसं नाही ना बाप्पा. आम्ही खारपाण पट्ट्यातले. पूर्णेच्या दोन्ही अंगानं अमरावती, अकोला, बुलडाण्याची शेकडो गावं. बोअरचं पाणी तोंडात धरवत नाही, डाळ शिजत नाही, किडनीचे पेशंट गल्लीगल्लीत. आमच्या गावात प्लांट बसला तेव्हा लोकांनी हार घातले त्याले. तिकडं यवतमाळ-चंद्रपूरच्या काही गावांत फ्लोराइडनं लेकरांचे दात पिवळे पडले अन् म्हाताऱ्यांची हाडं वाकली. तिथं टीसीएल, म्हणजे ती क्लोरीनची पावडर, टाकून काय होते?

जुना_ओव्हरसिअर
काहीच होत नाही, म्हणून तर आधी रिपोर्ट मागितला. खारपाणात आरओ किंवा लांबच्या धरणातून आणलेलं पाणी, दोनच वाटा. भांडण नाही.

चकली_भाजणी
पाणी नुसतं दिसायला चांगलं असून भागत नाही याचं सगळ्यात मोठं उदाहरण बांगलादेश. तळ्याचं पाणी पिऊन पोरं हगवणीनं मरत होती, म्हणून १९७० च्या दशकापासून युनिसेफ आणि सरकारनं लाखो हातपंप बसवले. पाणी नितळ, हगवण कमी. १९९३ मध्ये कळलं की कित्येक पंपांच्या पाण्यात आर्सेनिक आहे. जिवाणू तपासले होते, आर्सेनिक तपासायचं कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं. मग पंपांना लाल आणि हिरवा रंग दिला, लाल म्हणजे पिऊ नका. तेव्हा ढगाळ, नमुना एकदाच नाही, पावसाळ्याआधी आणि नंतर असा दोनदा द्या.

आशाची_लेक
माझी आई आशा सेविका आहे, त्यामुळे टीसीएलची कहाणी घरात रोज ऐकते.

आमच्या गावात टीसीएलचं पोतं ग्रामपंचायतीच्या ओल आलेल्या खोलीत पडून असतं. उघड्या पोत्यातला क्लोरीन उडून जातो, पांढरी पावडर तेवढी उरते. जलसुरक्षक म्हणून ज्याचं नाव लागलंय तोच पाणी सोडतो, तोच दवंडी देतो, तोच सरपंचांचा चहा आणतो. त्याचं मानधन सहा-सहा महिने थकतं. तो टाकीवर चढून कोरडी पावडर ओंजळीनं टाकतो, खरं तर कालवून, गाळ बसू देऊन वरची निवळी घालायची असते. मग एक दिवस पाण्याला उग्र वास येतो, बायका ग्रामपंचायतीत जातात, "चहा नासला" म्हणून ओरडतात. सरपंच म्हणतात, कमी टाक रे. पुढचे चार दिवस काहीच पडत नाही. आई ओटी टेस्ट करते. नळीत पाणी, त्यात औषधाचे थेंब, पिवळं झालं तर क्लोरीन आहे. शेवटच्या आळीत ते पिवळं होतच नाही. वहीत ती "निरंक" लिहिते तर वरून विचारणा होते, म्हणून तिनं काय लिहावं याच्याही सूचना येतात.

जिल्हा परिषद गावांना लाल, पिवळं, हिरवं कार्ड देते पाण्याच्या जोखमीवरून. आमच्या गावाला कुठलं असेल ते ओळखा.

खवचट_बाप्या
हिरवं.

आशाची_लेक
हो :(

नैरोबीकर
मी पुण्याचा, सध्या केनियात. कामानिमित्त पश्चिम केनियाच्या खेड्यांत जाणं होतं. तिकडे नळ नाहीत. झऱ्यावरून किंवा हातपंपावरून वीस लिटरच्या पिवळ्या जेरीकॅननं पाणी नेतात. झऱ्याशेजारीच एका खांबावर क्लोरीनची निळी पेटी असते. चावी एकदा फिरवली की एका कॅनला पुरेल एवढाच द्रव पडतो. फुकट. घरी पोचेपर्यंत पाणी तयार.

याआधी त्याच भागात क्लोरीनच्या बाटल्या दुकानात विकून पाहिल्या होत्या, अगदी स्वस्तात. फार थोडी घरं घेत. पेटी पाणवठ्यावर लावली आणि पैसे काढून टाकले तेव्हा वापरणारी घरं कितीतरी वाढली. २०१९ चं अर्थशास्त्राचं नोबेल बॅनर्जी-डुफ्लोंबरोबर ज्यांना मिळालं ते मायकेल क्रेमर या प्रयोगांत होते. पुढे त्यांनी आणि सहकाऱ्यांनी पाणी शुद्ध करण्याचे निरनिराळ्या देशांतले प्रयोग एकत्र मांडले, तर पाच वर्षांखालच्या मुलांचे मृत्यू सुमारे चौथ्या हिश्शानं कमी झालेले दिसले.

ढगाळ, म्हणून विचारतो. पाच रुपयांचं एटीएम बसलं तर गावातली सगळ्यात गरीब घरं तिथे जातील का? मला वाटतं ती नळाचंच पितील, आणि नळाकडे मग कुणाचंच लक्ष राहणार नाही, कारण बोलणारे सगळे जारवाले झालेले असतील.

ढगाळ
अगदी हेच मला बैठकीत सांगता येत नव्हतं! हा परिच्छेद उचलू का?

नैरोबीकर
उचला की.

सह्याद्रीचा_कडा
केनियाचं ठीक आहे, पण आपण नळवाले देश झालोय आता. २०१९ च्या ऑगस्टमध्ये ग्रामीण भारतात सव्वातीन कोटी घरांत नळ होता, आता पंधरा कोटींच्या वर गेलाय. हे कुणी म्हणतच नाही, सगळे रडतात.

आशाची_लेक
नळाबद्दल कुणाची तक्रार नाहीये दादा. आमच्या गावच्या बायकांचा डोक्यावरचा हंडा उतरला, ते मी डोळ्यांनी पाहिलंय. तोटीतून काय येतं त्याबद्दल बोलतोय.

सह्याद्रीचा_कडा
मान्य.

जुना_ओव्हरसिअर
आता नायट्रेट. विहिरीत नायट्रेट वाढतं ते एक तर शेतातल्या खतानं, नाहीतर माणसा-जनावरांच्या मैल्यानं. ढगाळ, गावातले संडास कसे आहेत? शोषखड्डे विहिरीपासून किती लांब? आणि मुख्य पाइप गटारातून तर गेला नाही ना? दिवसाआड पाणी म्हणजे सत्तेचाळीस तास पाइप रिकामा. रिकाम्या पाइपात बाहेरची घाण जोडातून आत ओढली जाते. त्यात पाणी सुटलं की लोक मोटर लावून खेचणार, म्हणजे आणखी ओढ.

ढगाळ
पाइप दोन ठिकाणी गटारातूनच गेलाय, तिसरं असेल तर माहीत नाही. संडासांचं म्हणाल तर स्वच्छ भारतच्या १२ हजारांत सुरुवात झाली आणि ज्याला जमेल त्यानं स्वतःचे घालून पंधरा-वीस फूट खोल खड्डा खणला. "एकदाच खणायचा, जन्मभर भरायला नको." विहिरीच्या वरच्या अंगाला एक आळी आहेच.

गोपुरीवाला
हे जन्मभराचं वेड सगळ्या महाराष्ट्रात आहे! खड्डा जेवढा खोल तेवढी भूजलाशी गाठ लवकर. सरकारी नकाशात दोन खड्डे का दिलेत? तीन-चार फुटांचे, विटांची जाळी केलेले. एक भरायला पाच-सहा माणसांच्या घराला काही वर्षं जातात. मग दुसरा सुरू करायचा. पहिला बंद राहिला की दीड-दोन वर्षांत त्याचं सोनखत होतं. वास नाही, किळस नाही, घरचा माणूस फावड्यानं काढू शकतो. अप्पासाहेब पटवर्धनांनी कणकवलीच्या गोपुरी आश्रमातून हेच सांगण्यात आयुष्य घालवलं. देहूला डॉ. मापुसकरांनी १९६० च्या सुमारास आरोग्य केंद्रात रुजू झाल्यापासून याच कामाला वाहून घेतलं, सगळं गाव संडास वापरायला लागेपर्यंत वीसएक वर्षं गेली. मैल्यावर चालणारा गोबर गॅसही त्यांनी उभा केला. पद्मश्री मिळाली २०१७ मध्ये, मरणोत्तर.

गवंड्याला फक्त एवढं विचारा, रूरल पॅन बसवतोयस ना? उताराचं भांडं असतं ते, दीड-दोन लिटरमध्ये साफ होतं. शहरी भांड्याला बादली लागते.

सुगरणबाई
बादलीवरून आठवलं. ती बादली कोण भरतं? पाणी दिवसाआड असेल तर संडास घरात आहे पण पाणी नाही, अशा घरात पुरुष बाहेर जातात आणि बायका संध्याकाळपासून पाणी प्यायचं टाळतात. माहेरी मी हे पाहिलंय. कितीतरी संडासांत गोवऱ्या आणि कडबा भरलेला असतो, आणि आपण म्हणतो लोक सुधारत नाहीत.

खवचट_बाप्या
आमच्याकडे गुड मॉर्निंग पथक यायचं. पहाटे शिट्ट्या, बॅटऱ्या, वर गुलाबाचं फूल. माझ्या चुलत्यानं फूल घेऊन पथकालाच चहाला बोलावलं, "बसा, आलोच" म्हणून परत गेला.

सह्याद्रीचा_कडा
हसू नका, त्या पथकांनीच गावं हागणदारीमुक्त झाली. गाडगेबाबा अभियानात आमचं गाव तालुक्यात पहिलं आलं होतं. शरम वाटल्याशिवाय माणूस हलत नाही.

सुगरणबाई
शरम नेहमी गरिबाचीच काढतात. ज्याला जागा नाही, पाणी नाही, त्याच्या मागे शिट्टी. वाड्यातल्या संडासाचं पाणी उघड्या गटारात सोडणाऱ्याला कुणी फूल दिलंय का?

सह्याद्रीचा_कडा
हा मुद्दा बरोबर आहे. पण नुसती समजूत घालूनही वीस वर्षं जातात, देहूचं वर आलंच आहे.

गोपुरीवाला
वीस वर्षं लागली, पण तिथे गोवऱ्या भरल्या नाहीत कुणी. आमचं गावही एकदा निर्मल ग्राम झालं होतं, मोठा चेक, फोटो. दहा वर्षांनी तेच रस्ते, तीच पहाट. बक्षीस मिळेपर्यंत सगळे जागे, नंतर खड्डा भरला तर काय करायचं ते सांगायला कुणी नाही.

पेठेतला
गावकऱ्यांना नावं ठेवणाऱ्या शहरी लोकांसाठी: जानेवारी २०२५, सिंहगड रस्ता, नांदेड, किरकटवाडी, धायरी. जीबीएस या हातपाय लुळे पाडणाऱ्या आजाराचे दीडशेच्या वर रुग्ण, काही व्हेंटिलेटरवर. दूषित पाण्याकडे बोट गेलं, कॅम्पिलोबॅक्टर हा जिवाणू सापडला. पुण्यात! आमच्या सोसायटीत तोवर सगळ्यांना वाटायचं की क्लोरीनचा वास म्हणजे वाईट पाणी. त्या महिन्यात लोक वास येतोय का ते हुंगून बघत होते.

हिशेबनीस
मी जरा आकडेमोड केली. ३३ टक्क्यांच्या चांगल्या पावडरीचं गावाकडचं माप हजार लिटरला पाच ग्रॅम. लाख लिटरची टाकी म्हणजे अर्धा किलो. दिवसाआड धरून महिन्याला साडेसात किलो. किलोला पन्नास रुपये धरले तरी महिन्याचे पावणेचारशे. सगळ्या गावाचे!

आता एटीएम. रोज एक जार घेणारं घर वर्षाला १८२५ रुपये देईल. ढगाळ, तुमची पाणीपट्टी किती?

ढगाळ
वर्षाला बाराशे. निम्म्याहून जास्त थकीत. थकबाकीदारांची यादी बोर्डावर लावायची ठरली तेव्हा बोर्डच गायब झाला. मागच्या वर्षी वीजबिलापायी पंपाची वीज तोडली होती ते वेगळंच.

हिशेबनीस
म्हणजे बाराशे जड जातात आणि अठराशे पंचवीस सहज निघतात.

आशाची_लेक
कारण जार समोर दिसतो, भरवसा वाटतो. नळाचं पाणी पिऊन पोरगं आजारी पडलं तर कोण भरेल पट्टी? आधी पाणी नीट द्या, मग मागा.

हिशेबनीस
हे कोंबडी-अंडं नॉमपेन्हनं सोडवलं. कंबोडियाची राजधानी, युद्धानं उद्ध्वस्त. १९९३ मध्ये एक सोन चान नावाच्या अभियंत्याकडे पाणीखातं आलं तेव्हा ७२ टक्के पाणी गळतीत आणि चोरीत जात होतं. त्यांनी मीटर लावले, खात्यातल्या चोरांना काढलं, बड्यांकडून वसुली केली. एका लष्करी अधिकाऱ्याकडे गेले तर त्यानं डोक्याला पिस्तूल लावलं. तरी पुढे त्याची जोडणी तोडलीच. गरीब घरांना मात्र जोडणीत सवलत दिली. वाया जाणारं पाणी सहा टक्क्यांवर आलं, चोवीस तास पिण्याजोगं पाणी मिळू लागलं. २००६ मध्ये मॅगसेसे पुरस्कार.

खवचट_बाप्या
आमच्या ग्रामसेवकाला पिस्तूल लागत नाही. सरपंचाचा मेहुणा नुसता बघतो.

जुना_ओव्हरसिअर
परदेशात जायची गरज नाही. कराडशेजारचं मलकापूर, तुमच्याच जिल्ह्यातलं. तिथे मीटर लावून चोवीस तास पाणी दिलं. पाणी कायम असलं की लोक साठवत नाहीत, पाइप भरलेला राहतो, घाण आत ओढली जात नाही. मोठ्या गावाला जमतं ते लहानाला जमेलच असं म्हणणार नाही, पण मंडळातल्या चार जणांना घेऊन एकदा बघून या.

आणि ग्रामपंचायतीला विचारा, वित्त आयोगाचा बंधित निधी कुठे गेला? पंधराव्या वित्त आयोगात (२०२१-२६) ६० टक्के रक्कम पाणी आणि स्वच्छतेलाच बांधलेली होती. पाइप गटारातून बाहेर काढायचं काम त्यातूनच व्हायला हवं, वर्गणीतून कशाला?

ढगाळ
रविवारी बैठक झाली. नैरोबीकरांचा परिच्छेद आणि हिशेबनीसांचे आकडे वाचून दाखवले. जारचं गणित ऐकून थोडा वेळ सगळे गप्प बसले, मग एकदम सगळे बोलायला लागले. शेवटी असं ठरलंय: टाकीवर क्लोरीन डोसर (मापानं क्लोरीन सोडणारं यंत्र), टीसीएलसाठी कोरडी खोली आणि झाकणाचे पिंप, जलसुरक्षकाला वर्षभर मंडळाकडून वरचे पैसे. ओटी टेस्ट शाळेतली पोरं शेवटच्या आळीत करणार आणि निकाल फळ्यावर लिहिणार, वहीत नाही. उरलेले पैसे पावसाळ्यानंतरचा नमुना येईपर्यंत बँकेत. एटीएमवाली पोरं नाराज आहेत, ती वेगळी वर्गणी काढणार म्हणतात. विहिरीच्या वरच्या आळीतल्या संडासांचा विषय मी काढला तर "तो पुढच्या वर्षी" म्हणून दाबला, कारण ती आळी मंडळाच्या अध्यक्षांची. आणि एकानं खरंच विचारलं, डोसरला पाटी कुठे लावायची?

खवचट_बाप्या
तरी मी पहिल्या दिवशी सांगितलं होतं.

गोपुरीवाला
संडासाचा विषय सोडू नका. अध्यक्षांच्या घरचाच खड्डा पहिला दुरुस्त करून द्या, पाटीसकट.

ढगाळ
:) बोलून बघतो. ओव्हरसिअर काका, डोसर विजेवरचा घ्यावा की बिनविजेचा?

जुना_ओव्हरसिअर
पंपाच्या स्टार्टरला जोडलेला विजेवरचा घ्या. वीज नसेल तेव्हा पंपही बंद, म्हणजे पाणीही नाही आणि डोसही नाही, हिशेब बरोबर राहतो. गोळ्यांचे बिनविजेचे मिळतात, पण गोळ्या संपल्या की तालुक्याला कोण जाणार हे आधी ठरवा. टीसीएलची निवळी वापरणार असाल तर डोसरची नळी चुन्यानं तुंबते, आठवड्याला धुवावी लागेल. कोटेशनमध्ये दोन वर्षांची देखभाल लिहून घ्या आणि सगळे पैसे आधी देऊ नका.

ढगाळ
आभारी आहे काका. कोटेशन आली की इथेच टाकतो. सातारा-कराड भागात चांगला विक्रेता कुणाला माहीत असेल तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.